सुवर्णदुर्ग आणि मधले पाव मैल पाणी

रत्नागिरीच्या मुलांस समुद्र नवा नाही आणि किल्लाही नवा नाही. भगवतीच्या देवळापर्यंत जाऊन रत्नदुर्गाच्या तटावरून मावळता सूर्य ज्याने पाहिला नाही, असा विद्यार्थी आमच्या वर्गात क्वचितच सापडेल. परंतु रत्नदुर्ग हा तीन बाजूंनी समुद्र व चौथ्या बाजूने जमीन असलेला किल्ला आहे. तेथे जावयास रस्ता पुरतो. चोहोंकडून पाण्याने वेढलेला, होडीवाचून ज्याच्या दारात उभे राहता येत नाही, असा खरा जलदुर्ग आपल्या जिल्ह्यात पाहावयाचा, तर दापोली तालुक्यातील हर्णै बंदरी जावे लागते. तेथील सुवर्णदुर्ग आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी गेल्या हिवाळ्यात पाहिला. सहलीचे वर्णन म्हणजे केवळ फराळाची व गाण्यांची हकीकत, अशी जी समजूत आहे तिला येथे थोडा धक्का बसेल; कारण त्या दिवशी मुलांनी एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर शोधण्यातच आमचा बहुतेक वेळ गेला.

प्रवासाविषयी फार लिहीत नाही. जयगडची आणि दाभोळची अशा दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या, मुक्काम दापोलीस केला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हर्णैस पोहोचलो. वाटेत मुरूड गाव दिसते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. हर्णैचाही शिक्षणाशी एक जुना ऋणानुबंध आहे. ज्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईस आजही उभे आहे, ते डॉ. जॉन विल्सन १८२९ साली या देशात आले, तेव्हा मराठीचे आरंभीचे धडे त्यांनी ह्याच हर्णैत गिरवले. व्याकरणास कंटाळणाऱ्या आमच्या काही शिष्यांना ही माहिती मी मुद्दाम सांगितली. तिचा कितपत परिणाम झाला, हे वार्षिक परीक्षेत दिसेलच!

बंदरावर पाऊल ठेवताच प्रथम नजरेत भरते ती मचव्यांची गर्दी. मासळीच्या लिलावासाठी हर्णै दूरवर प्रसिद्ध आहे, आणि पाण्यात उभ्या केलेल्या बैलगाड्यांतून मासळी पुळणीवर आणण्याची येथील रीत पाहून घाटावरील पाहुणे थक्क होतात. ह्या गर्दीच्या पलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर वाटावा असा, काळ्या तटाचा लांबट पट्टा पाण्यावर उठलेला दिसतो. तोच सुवर्णदुर्ग. किनाऱ्यापासून त्याचे अंतर सुमारे पाव मैल, म्हणजे चारशे मीटर. पोहण्यात तरबेज असलेला कोळ्याचा पोर ते सहज कापील.

येथेच तो प्रश्न उपस्थित झाला. वर्गातील एक मुलगी, जी एरवी फारसे बोलत नाही, ती किल्ल्याकडे टक लावून पाहत होती. ती म्हणाली, “सर, किल्ला इतका जवळ आहे, तर शत्रूने ह्याच वाळूवर तोफा मांडून तो कधी घेतला कसा नाही? मग समुद्रात बांधून उपयोग काय?”

प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर मी तेथेच दिले असते तर ते तेथेच विसरले गेले असते. म्हणून मी तिला म्हटले, “आधी आजूबाजूस पाहा, आणि मग किल्ला पाहा.”

आजूबाजूस काय आहे? किनाऱ्यावरच, एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतराने, तीन लहान किल्ले आहेत. बंदराच्या टोकाशी समुद्रात घुसलेल्या खडकावर कनकदुर्ग. त्याचे आता मोजकेच अवशेष उरले असून तेथे दीपगृह आहे. त्याच्या शेजारील टेकाडावर फत्तेदुर्ग. तेथे आज कोळ्यांची घरे दाटीने उभी आहेत, आणि किल्ला होता हे सांगावे तेव्हाच कळते. तिसरा गोवा किल्ला. ह्याचा तट व दरवाजा अद्याप ओळखू येतात, व तो तिघांत मोठा आहे. नावावरून गोमंतकाशी त्याचा संबंध कोणी जोडू नये. हे तिन्ही किल्ले स्वतंत्रपणे लढण्याजोगे नव्हेत. त्यांचे काम एकच होते: मधल्या पाण्यावर नजर व तोफा रोखून धरणे, आणि शत्रूस ह्या वाळूवर तोफा मांडू न देणे.

कोल्हापूरच्या गादीसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास जे ‘आज्ञापत्र’ लिहिले, त्यात दुर्गांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे व आरमाराविषयीही आहे. किल्ल्याच्या जवळ दुसरी उंच जागा असू नये. असल्यास ती सुरुंगाने उडवून टाकावी, आणि उडवता येत नसेल तर तीही बांधून आपल्या ताब्यात ठेवावी, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. हर्णैचा किनारा सुरुंगाने उडवून देणे तर शक्य नव्हते. तेव्हा तो बांधूनच काढला गेला. याचा अर्थ असा, की सुवर्णदुर्ग हा एक किल्ला नसून चार किल्ल्यांचा संच आहे, आणि त्यांच्या मधले पाव मैल पाणी हे त्या संचाचे अंगण आहे. पुढील सारी हकीकत ह्या अंगणाची आहे.

होडीची वेळ आम्ही तिथी पाहून ठरवली होती. त्या दिवशी वद्य पंचमी होती. कोकणातील तांडेल भरतीची वेळ कशी काढतात, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावे: तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमा किंवा अमावास्या ही पंधरावी तिथी धरली, तर भरती सव्वाअकराच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, पंचमीस पावणेचारला. भरतीच्या सुमारे सव्वासहा तास आधी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे त्या दिवशीची ओहोटी साडेनवास. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, कारण चंद्रही आकाशात तितकाच उशिरा माथ्यावर येतो. तांडेलाचा हिशेब हा याच गोष्टीचा ढोबळ अवतार होय. घड्याळ व छापील कोष्टक यांच्या आधारावाचून आपल्या लोकांनी हे गणित बसवले आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राखले, ही लहान गोष्ट नव्हे. आमचा तांडेल म्हणाला, “मास्तर, भरतीला गेलात तर दारापाशी उतराल, सुकतीला गेलात तर किल्ल्याचा पाया बघाल.” आम्हांस पायाच पाहावयाचा होता. म्हणून आठ वाजता निघालो.

होडी यांत्रिक होती. प्रत्येकाच्या अंगात तरंगणारे जाकीट बांधल्याखेरीज तांडेलाने नांगर उचलला नाही, हे नमूद करणे अवश्य आहे. वल्ह्यांची व शिडाची मजा यंत्रास नाही, ही गोष्ट खरी. पण वीस मुलांचा भार उरावर असलेल्या शिक्षकास यंत्र अधिक आवडते. पाणी इतके संथ होते की मागे पडणारी आमची रेघ बराच वेळ पुसली जात नव्हती. मात्र बेटाच्या दक्षिण टोकाजवळ होडी येताच पलीकडच्या लाटांचा धक्का बसू लागला व दोघातिघांचे चेहरे उतरले. तांडेलाने होडी लगेच आडोशास घेतली. किल्ला खुल्या समुद्राची लाट आपल्या पाठीवर घेतो आणि मधले पाणी शांत ठेवतो. आंगऱ्यांची गुराबे व गलबते येथे का नांगरली जात, हे मुलांना कोणी सांगावे लागले नाही. पोटातील मळमळीने ते त्यांना शिकवले होते.

येथे धक्का नाही. होडी वाळूस लागली की गुडघाभर पाण्यात उडी टाकावी लागते. किनाऱ्याकडे तोंड असूनही महाद्वार हर्णैवरून दिसत नव्हते. दोन बुरुजांनी ते असे आड घेतले आहे, की त्याच्यापुढे येऊन उभे राहीपर्यंत दार कोठे आहे हे कळू नये. तोफेचा गोळा दारावर सरळ बसू नये, एवढाच त्यातील हेतू. उंबऱ्याच्या पायरीवर कासव कोरलेले आहे, आणि बाजूच्या तटावर मारुतीची मूर्ती आहे. आत शिरताच दोन्ही अंगांस पहारेकऱ्यांच्या देवड्या लागतात. त्यापुढे मात्र राज्य झाडाझुडपांचे. पडक्या घरांचे चौथरे, दारूगोळ्याच्या कोठाराचे अवशेष, विहिरी व तळी. बाकी करवंदीच्या जाळ्या आणि कमरेएवढे गवत. ज्यांनी राजवाड्याची व सिंहासनाची अपेक्षा धरली होती, त्यांची काहीशी निराशा झाली. किल्ला म्हणजे वाडा नव्हे. तो एक कामाचा पदार्थ आहे, जसे जाते किंवा रहाट, आणि त्याचे काम समजल्याशिवाय त्याचे रूप समजत नाही.

मुलांचे तीन गट केले. एकास तट पाहण्यास, दुसऱ्यास पाण्याची व्यवस्था पाहण्यास, आणि तिसऱ्यास किल्ल्यावरून समोरचा किनारा पाहण्यास सांगितले.

पाण्याच्या गटाने पहिली चांगली गोष्ट आणली. चोहोंकडे खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी, हे कसे? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो तळ्यांत साठतो, व उरलेला खडकाच्या भेगांतून खाली मुरतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे ते खाली झिरपणाऱ्या समुद्राच्या पाण्यात लगेच मिसळून न जाता त्यावर तरंगून राहते, जसे दुधावर सायीचे असते. विहीर त्या सायीपर्यंतच खणावयाची. अधिक खोल गेले की खारट. जलदुर्ग बांधणाऱ्याने तटाच्या आधी पाणी शोधावे लागते. तटास भगदाड पडले तर ते बुजवता येते, पण पाणी संपले तर बुजवावयास काही उरत नाही.

तटाच्या गटाने त्याहून महत्त्वाची गोष्ट आणली. पश्चिमेस, म्हणजे खुल्या समुद्राच्या अंगास, तटाचा खालचा भाग बांधलेला नाहीच. बेटाचा मूळ काळा खडकच तासून सरळ उभा केला आहे, आणि त्यावर प्रचंड चिरे रचून भिंत चढवली आहे. ओहोटी असल्यामुळे खडक व बांधकाम यांचा सांधा स्पष्ट दिसत होता. अशा भिंतीवर तोफ डागणे म्हणजे डोंगरावर डागण्यासारखे. ह्याच पश्चिमेच्या तटात एक लहान चोरदरवाजाही आहे. मुलांनी तेथे उभे राहून लाटांचे पाणी अंगावर घेतले. त्यांना थोपवणे माझ्या हाती नव्हते.

आता इतिहास. सोळाव्या शतकात विजापूरकरांनी बांधलेला हा दुर्ग शिवाजी महाराजांनी १६६० च्या सुमारास घेतला व बळकट केला, असे सांगतात. पुढे महाराजांच्या मागे मोगल व सिद्दी यांनी कोकणात धुमाकूळ घातला, तेव्हा येथील किल्लेदार शत्रूस फितूर झाला, आणि कान्होजी आंगरे या तरुण शिपायाने त्यास कैद करून किल्ला राखला, अशी परंपरागत हकीकत आहे. तिचा तपशील कसाही असो, कान्होजींचा उदय ह्या परिसरात झाला. राजाराम महाराजांच्या काळात ते आरमाराचे सरखेल झाले, आणि १७२९ साली निधन होईपर्यंत त्यांच्या परवान्यावाचून ह्या किनाऱ्यावरून जहाज हाकारणे इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी यांपैकी कोणासही निर्धास्तपणे जमले नाही. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. ज्याच्या समुद्रात आपण फिरतो त्याला जकात देणे आवडले नाही, की त्याला चाचा म्हणावयाचे, ही व्यापाऱ्यांची जुनी रीत आहे.

कान्होजींच्या मागे मुलांत फूट पडली. मानाजी कुलाब्यास व तुळाजी विजयदुर्गास, असे घर दुभंगले. तुळाजी शूर होता, परंतु हट्टी व उद्दामही होता. त्याने पेशव्यांचा अंमल मानला नाही, खंडणी दिली नाही, आणि त्यांच्या मुलखास उपद्रव दिला. त्यास वठणीवर आणणे नानासाहेब पेशव्यांस भाग होते, हे मान्य केले पाहिजे. पण कसे आणावयाचे? १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शिए यांच्यात तह झाला: जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रावरून इंग्रजांचे आरमार. तीनच दिवसांनी, २२ मार्चला, कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्यापाशी ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’, १६ तोफांचे ‘स्वॅलो’, आणि बॉम्बगोळे फेकणारी ‘व्हायपर’ व ‘ट्रायम्फ’ ही दोन लहान गलबते होती. पेशव्यांची गलबतेही बरोबर होती.

पुढील प्रसंग रॉबर्ट ओर्म ह्या इंग्रज इतिहासकाराने तपशीलवार लिहून ठेवला आहे, आणि तो तटावर उभे राहून ऐकला म्हणजे डोळ्यांपुढे उभा राहतो. जेम्स येताच तुळाजीचे आरमार नांगर सोडून दक्षिणेकडे पळाले. वारा पडला होता. तेव्हा खलाशांनी जड सामान पाण्यात टाकले, आणि असेल नसेल ते कापड, पांघरुणे व डोक्यावरची पागोटीसुद्धा, शिडांसारखी ताणून वारा पकडण्याचा प्रयत्न केला. ती गलबते निसटली. मुलांना हा भाग फार आवडला. मला मात्र त्यातील दुसरी गोष्ट अधिक लक्षात ठेवण्याजोगी वाटते: त्या क्षणी हे अंगण रिकामे झाले.

२ एप्रिलला जेम्सने प्रथम पश्चिमेकडून, खुल्या समुद्रातून, तोफा डागल्या. परिणाम शून्य. जो खडक आमची मुले हाताने चाचपून आली होती, त्यावरच ते गोळे आपटत होते. रात्री किल्ल्यातून पळून आलेल्या काही लोकांनी त्यास सांगितले, की ह्या बाजूने तुम्हांस कधीही भगदाड पाडता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपले मोठे जहाज पश्चिमेकडून काढून बेट व किनारा यांच्या मधल्या पाण्यात आणले. तेथून एका अंगास सुवर्णदुर्ग व दुसऱ्या अंगास गोवा किल्ला, अशी दोहोंकडे त्याने सरबत्ती सुरू केली. दुपारी एका गोळ्याने किल्ल्यातील गवती छपराच्या घरास आग लागली. आग विझवता आली नाही. ती पसरत दारूच्या कोठारापर्यंत गेली आणि कोठार उडाले. बायकामुलांसह आतील माणसे होड्यांतून किनाऱ्याकडे निघाली, ती इंग्रजांच्या हाती सापडली. गोवा किल्ल्याचा अधिकारी आपली काही माणसे घेऊन सुवर्णदुर्गात शिरला, आणि मदत येईपर्यंत तग धरण्याचा त्याने बेत केला. पण जेम्सने खलाशी उतरवले; त्यांनी कुऱ्हाडींनी दिंडीचा दरवाजा फोडला, व किल्ला पडला.

येथे मी त्या मुलीस म्हटले, “आता तूच सांग.” ती तिसऱ्या गटात होती, आणि तासभर समोरचा किनारा पाहत बसली होती. ती म्हणाली, “किनारा आपला असला तर मधे शिरणारे जहाज दोन्हीकडून मार खाईल. त्या दिवशी किनारा आपला नव्हता. म्हणून जहाजाने दोन्हीकडे मार दिला.”

याहून नेमके उत्तर मला देता आले नसते. समुद्राकडचा तट १७५५ सालीही अभेद्य होता, आणि २७० वर्षांच्या लाटा खाऊन आजही उभा आहे. किल्ला पडला तो जमिनीच्या अंगाने. किनाऱ्यावर पेशव्यांची फौज उभी होती, आरमार निघून गेले होते, आणि पाव मैलाचे ते अंगण परक्याच्या जहाजास मोकळे सापडले. ४४ तोफांचे जहाज अशा अरुंद जागी आणणे हे जेम्सचे धाडस होते, हेही न्यायाने कबूल करावे. परंतु ज्यांनी आयुष्यभर ह्या पाण्याची राखण केली त्यांचेच स्वजातीय वाळूवर शत्रू म्हणून उभे नसते, तर त्या धाडसास कोणी धाडस म्हटले नसते, अविचार म्हटले असते.

यावर परतीच्या वाटेवर वर्गात बराच वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे, तुळाजीने आपल्या करणीचे फळ भोगले. दुसऱ्याचे म्हणणे, घरचे भांडण पेशव्यांनी शेजाऱ्याच्या लाठीने मिटवले. माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, आणि ते लपवण्याचे मला कारण वाटत नाही. बंडखोर सरदारास शासन करणे वेगळे, आणि ज्यास समुद्रावर हक्क हवा आहे त्याच्याकडूनच आपले आरमार मोडवणे वेगळे. सुवर्णदुर्ग तहाप्रमाणे पेशव्यांस मिळाला. बाणकोट इंग्रजांनी घेतले व त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आणि तेथे आंगऱ्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. त्यानंतरही मराठ्यांचे आरमार अगदीच नाहीसे झाले नाही. आनंदराव धुळपांनी १७८३ साली इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज जिंकून घेतले होते. पण ज्या धाकाने परकी जहाजे परवाना मागावयास येत, तो धाक परत आला नाही.

ह्याच बेटावर ह्या कथेचा उत्तरार्ध घडला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, आणि नानासाहेबांचे पुतणे दुसरे बाजीराव पळत पळत कोकणात उतरून सुवर्णदुर्गाच्या आश्रयास आले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी चुलत्याने मिळवलेला हा किल्ला पुतण्याच्या उपयोगी पडावयास हरकत नव्हती. तट तोच, विहिरी त्याच. परंतु पाठीशी आपला किनारा नाही, पुढे आपले आरमार नाही, अशा किल्ल्यात कोण थांबणार? बाजीरावांनी इंग्रजांची मदत मागितली, समुद्रमार्गे वसई गाठली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे तो प्रसिद्ध तह केला. १८१८ साली हा किल्ला इंग्रजांकडे गेला. त्या वेळी फार मोठी लढाई करावी लागली नाही, याचे आता नवल वाटू नये.

एक गोष्ट सांगितली तेव्हा मुलांचा विश्वास बसेना. लंडन शहराच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावर सुवर्णदुर्ग आहे! जेम्स पुढे ‘सर’ झाला, ईस्ट इंडिया कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत चढला, आणि १७८३ साली वारला. त्याच्या पत्नीने नवऱ्याच्या पराक्रमाचे स्मारक म्हणून १७८४ साली तेथे त्रिकोणी आकाराचा, ६३ फूट उंचीचा मनोरा बांधविला आणि त्यास ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ असे नाव दिले. सुवर्णदुर्ग हा शब्द इंग्रजांच्या जिभेवर असा झिजला. तो मनोरा दुरुस्त होऊन २०१४ पासून लोकांसाठी खुला आहे. त्या पत्नीने पतीची आठवण राखली, यात तिला दोष कोण देईल? फक्त एवढेच मनात येते, की हर्णैच्या पाण्यावर पागोट्यांची शिडे करणाऱ्या खलाशांपैकी एकाचेही नाव कोठे कोरलेले नाही.

आपल्याकडेही आता चांगली गोष्ट घडली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा आणि दूर तामिळनाडूतील जिंजी यांच्याबरोबर खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार सागरी दुर्ग त्या यादीत आहेत. मान्यतेने पाहणाऱ्यांची गर्दी वाढेल. किनाऱ्यावरील तीन धाकट्या किल्ल्यांकडे त्या गर्दीचे लक्ष जाईल की नाही, ही मला चिंता आहे. बेट जपले आणि किनारा हरवू दिला, तर पुढच्या पिढीतील एखाद्या मुलीस तोच प्रश्न पडेल आणि उत्तर दाखवावयास समोर काहीच उरणार नाही. म्हणून परत आल्यावर आम्ही मुलांकडून चारही किल्ल्यांचा एकत्र नकाशा काढून घेतला. त्यात पाण्याची पट्टी निळ्या रंगाने, आणि ‘प्रोटेक्टर’ उभे राहिले ती जागा तांबड्या फुलीने दाखविली आहे. नकाशा इतिहासाच्या वर्गात लावला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे.

पुढील वर्षी जे जातील त्यांच्यासाठी चार शब्द. पावसाळ्यात होड्या जात नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तिथीची पाऊणपट करून वेळ ठरवावी, तरी शेवटचा शब्द तांडेलाचा मानावा. किल्ल्यात पिण्याचे पाणी मिळेल असे धरून चालू नये, बरोबर न्यावे. पायांत पट्ट्यांची वहाण घालावी, कारण ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर कालवांच्या धारदार शिंपा असतात. गवतात शिरताना पुढे काठी आपटीत जावे. आणि चोरदरवाजापाशी उभे राहणार असाल, तर एक कोरडा सदरा जवळ असू द्यावा.